मागच्या बाजूचे आकडे

“मागे घे, हारुन! पूर्ण मागे!”

तोफाज्जल सारंगाने, बोटीच्या कप्तानाने, इंजिनखोलीच्या घंटेची दोरी पुन्हा पुन्हा ओढली. खाली हारुन ड्रायव्हरने इंजिनाचा जीव काढला. अख्खी बोट थरथरली, स्वयंपाकाच्या खोलीतलं पातेलं गडगडत बाहेर आलं, पण बोट काही तसूभरही मागे सरली नाही. मागून गढूळ पाणी उसळत होतं आणि त्या पाण्यात वाळू होती. पाण्यात वाळू दिसली की सारंगाला आणखी कुणी काही सांगावं लागत नाही. ‘पाच पीर’ या बोटीचा पुढचा भाग मोकळा तरंगत होता आणि मागचा भाग नदीच्या तळावर बसला होता.

उरलंसुरलं काम समोरून येणाऱ्या जमुनेच्या ओढीने केलं. बोटीचं मोकळं तोंड तिने हळूहळू बाजूला ढकललं, आणि थोड्याच वेळात बोट मोल्लार चर या वाळूच्या बेटालगतच्या अरुंद वाटेत, दारात आडवी खाट टाकावी तशी, आडवी होऊन बसली. ती वाट सोडली तर दोन्ही बाजूंना गुडघाभर पाणी. बगळे त्यातून चालत जाऊन मासे टिपत होते.

मागे उभ्या असलेल्या बोटींनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. आधी एकीने, मग पाठोपाठ सगळ्यांनी. चितगावच्या बंदरातून उत्तरेला निघालेला सगळा माल त्या रांगेत होता. युरियाची पोती होती, गहू होता, कोळसा, सिमेंट, डिझेल होतं. हा माल वर बाघाबाडीच्या धक्क्यावर उतरला की उत्तरेतल्या चुली, पाण्याचे पंप आणि धानाची शेतं चालायची. नदी हे सगळं मुकाट्याने वाहून न्यायची, त्यामुळे तिची कुणाला आठवणही व्हायची नाही. आज ती थांबली होती, आणि थांबवणारा तोफाज्जल होता.

रांगेतून एक छोटी इंजिनहोडी फटफटत आली. तिच्यात सोभान पायलट उभा होता. नदीची वाट दाखवायला, चराच्या तोंडाशी बांबू रोवायला आणि बोटींना एकामागून एक सोडायला सरकारने ठेवलेला हा माणूस. डोक्याला मफलर गुंडाळलेला, आणि कुणावर आवाज चढवायची सवय नाही.

“काय झालं, सारंगसाहेब?”

“रुतली.”

“ते दिसतंयच हो. पण तोंडाशी आठ फूट पाणी आहे. सकाळी मी स्वतः काठी टाकून पाहिलंय. तुमची बोट पाण्यात किती? साडेसात म्हणाला होतात ना?”

तोफाज्जलने शेजारी पाहिलं. सुकाणावरचा इद्रिस, त्याचा जुना जोडीदार, चाकावरचा सुटलेला रंग नखाने खरवडत होता. त्याने मान वर केली नाही.

“साडेसातच,” तोफाज्जल म्हणाला.

सोभानने एकदा नदीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. “मग वाळू सरकली असणार.”

“हो. वाळूच सरकली असणार.”

सोभानची होडी वळून गेली. काल सांगितलेलं खोटं एका दमात बोलून झालं होतं, ते फारसं जाणवलंही नव्हतं. आजचं मात्र त्याने विचार करून सांगितलं, एका भल्या माणसाच्या तोंडावर सांगितलं. तोफाज्जलला स्वतःच्याच जिभेची किळस आली. तो उगाचच चूळ भरून आला.

मोल्लार चराची रीत अशी. माघात पाणी उतरलं की त्या वाटेतून एका वेळी एकच बोट जाते. त्यामुळे जी बोट पाण्यात कमी बुडालेली असेल ती आधी सोडायची आणि जी सगळ्यांत खोल असेल ती सगळ्यांत शेवटी. म्हणजे शेवटची रुतलीच तर तिच्यामागे कुणी अडकत नाही. आता कोणती बोट किती खोल हे कळायचं कसं? पुढच्या बाजूला रंगवलेले आकडे लांबूनही दिसतात. खरी गोष्ट असते मागच्या बाजूला, कारण भरलेली बोट मागेच जास्त बसते. मागचे आकडे सुकाणापाशी, पंख्याच्या फेसात, गंजात आणि शेवाळात गेलेले. कित्येक बोटींवर ते वर्षानुवर्षं कुणी वाचलेले नसतात. म्हणून सोभान होडीतून प्रत्येक बोटीपाशी जातो आणि विचारतो, “किती?” सारंग आकडा सांगतो. सोभान “बरं” म्हणतो आणि पुढे जातो. सारंगाच्या बोटीच्या बुडाशी काठी घालून पाहायची, म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखं. तसं कधी कुणी केलेलं तोफाज्जलने पाहिलं नव्हतं, आणि त्याचे केस या नदीवर पांढरे झाले होते.

‘पाच पीर’ मागे आठच्याही वर बसली होती. पुढच्या खणात पाणी झिरपतं म्हणून मालकाच्या माणसाने चितगावला जास्तीची पोती मागच्या खणात रचली होती. तोफाज्जल तिथे उभा होता. तेव्हाच त्याने मनाशी धरलं होतं की मोल्लार चरावर आपण शेवटी जायचं. तेवढा तो सरळ माणूस होताच. घोळ झाला तो नंतर, आणि तो व्याह्यांच्या फोनमुळे झाला.

तोफाज्जल मूळचा संद्वीप बेटावरचा. घर, अंगण, सुपारीची झाडं, सगळं दर्याने खाल्लं. उरलं ते एवढंच, की बोट चालवता येते. त्याची एकुलती मुलगी पारुल बाघाबाडीजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरात दिली होती. लग्नात जेवणं चालू असताना मुलाच्या चुलत्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, “मुलीच्या बापाची जमीन किती हो?” पंगतीत कुणीतरी फिसकन हसलं होतं. पारुलने पदराआडून बापाकडे पाहिलं होतं.

तोफाज्जलने घास खाली ठेवला होता. “जमीन नाही,” तो म्हणाला होता. “पण तुमच्या जमिनीवर जे खत पडतं ना, ते माझ्या पाठीवरून येतं. माझी बोट आली नाही तर तुमचं धान पिवळं पडेल.”

यावर सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल तर मुलाचा बाप, आफसार मंडल. आडवा, गडगडाटी माणूस. त्याने उठून उष्ट्या हातानेच तोफाज्जलला मिठी मारली होती. तेव्हापासून तो बाजारात ज्याला त्याला सांगत सुटायचा, की आपला व्याही म्हणजे उत्तरेचा अन्नदाता आहे. तोफाज्जल लाजायचा, पण ते ऐकून त्याच्या छातीला बरंही वाटायचं.

या वर्षी धानाला दुसरं खत द्यायची वेळ आली आणि नेमका युरिया संपला. बाघाबाडीच्या गुदामात पोती नव्हती. मग आफसार मंडलचा फोन आला.

“व्याहीसाहेब, जुम्म्याला बदकं कापतोय! गावात सांगून बसलोय, खत घेऊन माझा व्याही येतोय. आता माझं नाक तुमच्या हातात.”

“अहो, रांग मोठी आहे इथे.”

“रांग दुसऱ्यांना हो! तुम्हाला कसली रांग?”

हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला खाली उतरायला शिडी लागते, ती तोफाज्जलपाशी नव्हती. “जुम्म्याची नमाज तुमच्या मशिदीत पढेन,” तो म्हणाला. “मग तर झालं?”

दुसऱ्या दिवशी सोभान होडीतून आला आणि त्याने विचारलं, “किती?” शेवटी थांबलं असतं तर शुक्रवार उलटून गेला असता. तोफाज्जल म्हणाला, “साडेसात.” सोभान म्हणाला, “बरं,” आणि त्याला पहिला नंबर दिला.

रुतली त्या दिवशी दुपारी ‘शापला’ नावाच्या गव्हाच्या बोटीचा सारंग गियास मदतीला आला. गियासचं तोंड म्हणजे उघडी गटारगंगा. ‘पाच पीर’ सुटली असती तर लगेच त्याचाच नंबर होता. तो लांबूनच सुरू झाला.

“झोपला होतात की काय, तोफाज्जलभाई? का डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून दिवसा बोट चालवता? अरे, पहिला नंबर काय, मला दिला असता तर मी एव्हाना बाघाबाडीला न्हाव्यापुढे बसलो असतो!”

असंच बडबडत तो दोर बांधायला होडीतून ‘पाच पीर’च्या मागच्या बाजूला गेला. तिथे त्याने दोर अडकवला. मग लोखंडाला हात लावून तो जरा वेळ तसाच बसला. त्याने वर पाहिलं, कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर पाहिलं. आणि त्याची बडबड बंद झाली.

तोफाज्जलने वरून पाहिलं, गियास शिव्या द्यायचा थांबला होता. त्याने चार शिव्या आणखी दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण गियास नुसतं म्हणाला, “ओढून बघतो, भाई,” आणि गेला. त्याने ओढून पाहिलं. दोर ताणला, कडकडला आणि तुटला. दुसऱ्या दिवशी दोन बोटींनी मिळून ओढलं, तेव्हा दुसराही तुटला.

त्यानंतर मागच्या बाजूला जो जो आला, तो तो गप्प होऊन परतला. कुणी काही विचारलं नाही. कोळशाच्या बोटीवरून मुरीची, म्हणजे चुरमुऱ्यांची, पिशवी आली, डिझेलच्या बोटीवरून ताजे मासे आले. रुतलेल्या बोटीला खायला पाठवायची रीतच आहे नदीवर. तोफाज्जलला ते मासे गिळवेनात. रांग वळणापलीकडे गेली होती. वाऱ्यावर तिकडच्या माणसांचं हसणं ऐकू आलं की आपल्यालाच हसताहेत असं त्याला वाटायचं, आणि हसणं थांबलं की जास्तच वाटायचं.

“एक विचारू?” इद्रिस म्हणाला. दोघं मागच्या कठड्यावर चहा घेत बसले होते.

“नको.”

“विचारतोच. खोटं बोलायचंच होतं, तर एखाद्या मोठ्या गोष्टीसाठी तरी बोलायचं, भाई. बदकाच्या रश्श्यासाठी?”

तोफाज्जलने कप खाली ठेवला. “रश्श्यासाठी नाही रे,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे मला,” इद्रिस म्हणाला, आणि त्याने स्वतःच्या कपातला चहा जोडीदाराच्या कपात ओतला. “म्हणून तर जास्त राग येतो तुझा.”

बोट हलकी केल्याशिवाय हलणार नाही, हे ठरलं. पोती लहान होड्यांत उतरवायची होती, पण एवढ्या होड्या आणि माणसं आणायची कुठून? गुरुवारी संध्याकाळी तोफाज्जलने व्याह्यांना फोन केला. मग त्याने सांगून टाकलं की बोट रुतली आहे, जुम्म्याला येणं होत नाही. का रुतली ते आफसार मंडलने विचारलंच नाही.

“थांबा तिथेच!” तो ओरडला. जणू तोफाज्जल कुठे जाणार होता.

शुक्रवारी दुपारची नमाज आटोपल्यावर वरच्या वळणावरून होड्या येताना दिसल्या. एक, दोन, मग सगळं पात्र भरून. खताची वाट पाहणारा अख्खा गाव होड्या घेऊन आला होता. सगळ्यांत पुढच्या होडीत आफसार मंडल कमरेवर हात ठेवून उभा. त्याच्या पायाशी कापडाने बांधलेले मोठे टोप. आणि टोपांशेजारी, डोक्यावरून पदर घेतलेली पारुल.

“तुम्ही दावतीला आला नाहीत,” आफसार मंडल लांबूनच गरजला, “म्हणून दावत तुमच्याकडे आणली, व्याही! चला, पोती काढा रे पोरांनो! सारंगसाहेबांची बोट मोकळी करा!”

मागचाच खण रिकामा करायचा होता, म्हणून होड्या बोटीच्या मागच्या बाजूला लागल्या. तोफाज्जल वरून वाकून हात द्यायला आला, आणि त्याने पाहिलं की पारुल त्याच्या हाताकडे पाहतच नव्हती. ती बोटीच्या लोखंडाकडे पाहत होती.

तिथे एक जुनी कडी होती. पारुल लहान असताना, आई वारल्यावर, दोन वर्षं बोटीवरच राहिली होती. आकडे ती शाळेत नाही, याच बोटीच्या मागच्या बाजूला शिकली. होडीत बसवून तोफाज्जल तिला विचारायचा, आज पाणी कुठे आहे? ती आकड्यावर बोट ठेवून वाचायची. कडीच्या खाली एक वीत पाणी असलं की साडेसात. आकडे आता राहिले नव्हते, पण कडी होती, आणि ती अर्धी पाण्यात होती.

पारुलने कडीकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. तिची नजर रागाची असती तर त्याने सोसली असती. लग्नाच्या पंगतीत, चुलत्याने जमीन विचारली तेव्हा तिने जसं पाहिलं होतं, तसंच तिने पाहिलं. मग तिने पदर पुढे ओढला आणि त्याचा हात धरून वर आली.

“अब्बा, वाळला आहात तुम्ही,” एवढंच ती म्हणाली.

पोरं डोक्यावर पोती घेऊन धावू लागली. रांगेतले सारंगही आले होते, गियासही. आफसार मंडलने सगळ्यांना आवर्जून बसवलं. डेकवर चटया टाकल्या, तांदळाच्या भाकऱ्या निघाल्या, बदकाचा लालभडक रस्सा निघाला, तांदळाच्या पिठाचे, खजुराच्या गुळाचे गोड पिठे निघाले. पारुल वाढत होती. आफसार मंडल मध्ये बसून एकेकाला आग्रह करत होता आणि व्याह्याच्या पाठीवर थापा मारत होता.

तेवढ्यात पोतं टाकून घाम पुसत एक तरुण शेतकरी तिथे आला. मिंटू त्याचं नाव. त्याने भाकरी घेतली नाही.

“आमची रोपं पिवळी पडली,” तो म्हणाला. “चार दिवस आधी खत मिळालं असतं तर वाचली असती. एवढी मोठी बोट, एवढा अनुभवी सारंग, आणि रुतते कशी? झोपला होता का सारंग?”

“तोंड सांभाळ!” आफसार मंडल ताडकन उठला. “कुणाबद्दल बोलतोस? माझा व्याही उभ्या जन्मात खोटं बोललेला नाही आणि कुठल्या चरावर झोपलेला नाही. नदी आहे ती! नदी कुणाला सांगून वाळू हलवते का?” मग तो गियासकडे वळला. “तुम्ही सांगा, सारंग. तुम्ही जाणकार. यात माझ्या व्याह्याची काही चूक आहे?”

कोळशाच्या बोटीचा सारंग स्वतःच्या ताटातलं हाड निरखत होता. सोभान पायलट नदीकडे पाहत होता. इद्रिस उठून मागे निघून गेला. पारुल हातात पळी धरून जागच्या जागी उभी होती.

तोफाज्जलला वाटलं, आता बोलावं. दोन शब्दांचं तर काम होतं. त्याने तोंड उघडलंही. पण समोर पारुल होती, आणि तिच्या मागे तिचं सासरचं अख्खं गाव होतं. उद्या पाणवठ्यावर, परवा बाजारात तिला जे ऐकावं लागेल ते त्याला आत्ताच ऐकू येऊ लागलं. उघडलेल्या तोंडात त्याने भाकरीचा घास घातला.

“नदीच तशी आहे, चाचा,” गियास म्हणाला. एवढा तोंडाळ माणूस, पण हे त्याने ताटात पाहून, हळू आवाजात म्हटलं. “इथे कुणीही रुतलं असतं.”

“ऐकलंस?” आफसार मंडल मिंटूवर खेकसला. “माफी माग.”

“राहू द्या,” तोफाज्जल म्हणाला.

“राहू द्या कसं? माग माफी!”

मिंटूने मान खाली घातली. “चुकलो, चाचा,” तो म्हणाला आणि पुढचं पोतं उचलायला गेला. पिवळ्या पडलेल्या रोपांचा मालक, तोच चुकला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. तोफाज्जलच्या पायाखाली तर धरणीही नव्हती, लोखंड होतं आणि त्याखाली ती वाळू. आफसार मंडलने त्याच्या ताटात बदकाची तंगडी टाकली. तोफाज्जलने ती खाल्ली. व्याह्यांच्या देखत ती शेवटपर्यंत खावी लागली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा होड्या भरून गेल्या. निघताना पारुल मागच्या कठड्याशी बापापाशी थांबली. खाली सासरा होडीत उभा राहून घाई करत होता.

“अब्बा,” ती म्हणाली, “मागचे आकडे पार पुसले गेलेत.”

“हो गं.”

“रंगवून घ्या.”

आणि ती उतरली. तिच्या होडीतून आफसार मंडल पार वळणापर्यंत हात हलवत राहिला. पारुलने हात हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी ‘पाच पीर’ उचलली गेली. तिला बाजूला नांगरून ठेवलं आणि रांग रीतीप्रमाणे सुटली. प्रत्येक बोटीने जाताना रीतीप्रमाणे एकदा भोंगा वाजवून सलाम केला. एखादीने तरी न वाजवता जावं, असं तोफाज्जलला वाटत होतं. ‘शापला’ने तर दोनदा वाजवला.

शेवटची बोट गेल्यावर तो होडी घेऊन सोभानकडे गेला. सोभान चराच्या कडेला वाकडा झालेला बांबू काढून नव्याने रोवत होता.

“सोभान, वाळू सरकली नव्हती.”

“माहीत आहे.”

“मी खोटं बोललो.”

“तेही माहीत आहे, सारंगसाहेब. मी काल तुमच्या बोटीच्या मागे होडी लावली होती ना.” त्याने बांबू दोन्ही हातांनी दाबला. “वर कळवलंय की वाळू सरकली.”

“का पण? माझं नाव कळवायचं होतंस.”

सोभानला पहिल्यांदाच राग आला. “तुमचं नाव कळवलं असतं, तर उद्यापासून वरून हुकूम आला असता की प्रत्येक बोट मोजा. एवढ्या बोटींच्या बुडाशी काठी घालत बसलो तर दिवसाला दोन तरी सुटतील का? माझी रांग तुमच्या लोकांच्या शब्दावर चालते. ती मोडायला नको म्हणून मी गप्प बसलो. तुमच्यासाठी नाही.”

सोभान दुसरा बांबू आणायला गेला.

चितगावला परतल्यावर पुढचा माल भरण्याआधी तोफाज्जलने पांढरा रंग आणि ब्रश आणला. मागच्या बाजूला दोरांनी फळी सोडली आणि तो स्वतः त्यावर बसला.

“अरे, खलाशी आहेत की,” इद्रिस वरून म्हणाला. “या वयात लटकायला काय झालं?”

“दोर धर नीट.”

त्याने आधी गंज खरवडला, शेवाळ काढलं. आकडे खालून वर, एकेक करून लिहिले, वीतभर उंचीचे. पारुल ज्यावर बोट ठेवून शिकली होती तेच आकडे. फळी हलत होती, म्हणून आठाचं पोट जरा तिरकं आलं. त्याने ते पुसून पुन्हा काढलं.

फाल्गुनात तो पुन्हा खत घेऊन मोल्लार चराला आला. पाणी आणखी उतरलं होतं. या खेपेला मागच्या खणात एकही जास्तीचं पोतं नव्हतं, त्यासाठी तो मालकाच्या माणसाशी भांडला होता. सकाळी सोभानची होडी रांगेतून फिरू लागली. तिचा आवाज जवळ येत गेला. त्याच्या पुढची बोट सिमेंटची होती.

“किती?”

“पावणेसात!”

“बरं.”

मग होडी ‘पाच पीर’पाशी आली. सोभानने विचारण्याआधीच तोफाज्जल कठड्यावरून म्हणाला, “सात. सोभान, बरोबर सात.”

“बरं, सारंगसाहेब,” सोभान म्हणाला. मफलर नीट करत त्याने दुसरीकडे पाहिलं आणि होडीवाल्याला हाताने खूण केली. होडी पुढे गेली नाही. ती वळून बोटीच्या मागच्या बाजूला गेली.

तोफाज्जल जागेवरून हलला नाही. इद्रिसने सुकाण सोडून मागे जायला पाऊल उचललं, तेव्हा तोफाज्जलने त्याचा हात धरला. मागे पाण्यात काठी शिरल्याचा आवाज आला, मग ती लोखंडावर ठकठक वाजली. नवे पांढरे आकडे समोर असतानाही काठी घातली. शेजारच्या बोटीवर भात रांधणारा भंडारी टक लावून पाहत होता, तोफाज्जलची नजर जाताच तो चुलीवर वाकला.

होडी पुन्हा पुढे आली. आकडा बरोबर होता. बरोबर आहे असं मात्र कुणी म्हणालं नाही.

“तिसरा नंबर,” सोभान म्हणाला, आणि होडी मागच्या बोटीकडे गेली. ती ‘शापला’ होती.

“गियासभाई, किती?”

“साडेसात!”

“बरं,” सोभान म्हणाला, आणि होडी पुढे गेली.

थोड्या वेळाने तोफाज्जल मागच्या कठड्याशी गेला आणि खाली वाकला. सातावर, त्याने स्वतः काढलेल्या पांढऱ्या सातावर, काठीच्या चिखलाचा ओघळ उमटला होता. खालचं पाणी तिथपर्यंत चढत नव्हतं. बादली आणि फडकं हाताशी होतं, पण तो ओघळ पुसायला त्याने कुणाला सांगितलं नाही.